दोन कार्डांची बावीस वर्षं

१९९८ साली गेम खेळण्यासाठी जुळवलेला सर्वात तगडा घरगुती कॉम्प्युटर ओळखायचा तर तो मागच्या बाजूने बघावा लागे. तिथे ग्राफिक्सची तीन कार्डं बसवलेली असत. पहिलं साधं, विंडोजचा डेस्कटॉप दाखवण्यापुरतं. उरलेली दोन थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या व्हूडू-टू चिपची. साध्या कार्डातून निघालेली केबल मॉनिटरकडे जात नसे. ती बाहेरूनच वळसा घेऊन व्हूडूच्या कार्डात शिरे आणि मॉनिटरची वायर तिथून पुढे निघे. गेम सुरू झाला की व्हूडू डेस्कटॉपचा सिग्नल अडवून स्वतःचं चित्र मॉनिटरला देई. कॅबिनेट उघडलं की आत दोन्ही व्हूडूंना एकमेकांशी जोडणारी, जेमतेम बोटभर लांबीची चपटी रिबन केबल दिसे. एक मोठं कार्ड घ्यावं की दोन जोडावीत, हा गेमर मंडळींना पुढे बावीस वर्षं पुरलेला वाद त्या रिबनपासून सुरू झाला.

थ्रीडीएफएक्सची स्थापना १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये झाली. रॉस स्मिथ, स्कॉट सेलर्स आणि गॅरी टारोली हे तिचे संस्थापक सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत काम करून आलेले होते. त्रिमितीय चित्रं काढणारी सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रं तेव्हा संशोधन संस्था आणि चित्रपट स्टुडिओ यांनाच परवडत. तशीच चित्रं घरच्या पीसीवर आणायची, हा या तिघांचा ध्यास होता. १९९६ मध्ये पहिलं व्हूडू आलं, १९९७ च्या सुरुवातीला प्रोग्रामर जॉन कारमॅकने 'क्वेक' या गेमची कार्डावर चालणारी आवृत्ती दिली, आणि पडद्यावरच्या ओबडधोबड ठिपक्यांच्या जागी गुळगुळीत भिंती दिसू लागल्या. १९९८ च्या व्हूडू-टूची किंमत ८ एमबीला २४९ डॉलर आणि १२ एमबीला २९९ डॉलर होती. दोन मोठी कार्डं घ्यायची म्हणजे सहाशे डॉलर. तेव्हा डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जुळवणाऱ्या मुंबईकराला कस्टम ड्यूटी धरण्याआधीच हा आकडा चोवीस हजारांचा पडत होता. अशी जोडी बहुतेकांनी मासिकातल्या फोटोतच पाहिली.

त्या जोडीची युक्ती मात्र मला आजही सुंदर वाटते. तिचं नाव 'स्कॅन लाइन इंटरलीव्ह', लघुरूप एसएलआय. पडद्यावरचं चित्र आडव्या ओळींनी बनतं. एका कार्डाने विषम ओळी रंगवायच्या, दुसऱ्याने सम. एकट्या व्हूडू-टूची मजल ८०० बाय ६०० पर्यंत होती. दोन जोडली की १०२४ बाय ७६८ चं चित्र मिळे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३८४ ओळी. लागून लागून असलेल्या दोन ओळींमध्ये साधारण सारखंच चित्र असतं. समोर आकाश असो की दहा शत्रू, दोघांवर भार सारखाच पडायचा. शिवाय दोन्ही कार्डं एकाच क्षणाचं एकच चित्र काढत होती. अर्धं याचं आणि अर्धं त्याचं मिळून ते पूर्ण झालं की लगेच पडद्यावर जाई. कुणी कुणासाठी खोळंबत नसे.

दोन मर्यादा मात्र तेव्हापासूनच होत्या. रंगवायच्या ओळी अर्ध्या झाल्या तरी त्रिमितीय दृश्य ज्यांच्यापासून बनतं ते सगळे त्रिकोण दोन्ही कार्डांना बघावेच लागत, कारण जवळजवळ प्रत्येक त्रिकोण सम आणि विषम अशा दोन्ही ओळींवर पसरलेला असे. आणि भिंतींवर, चेहऱ्यांवर चढवायची टेक्श्चर दोन्ही कार्डांच्या मेमरीत वेगवेगळी ठेवावी लागत. १२ आणि १२ मिळून २४ एमबी झाले असं खोक्यावरच्या आकड्यांवरून वाटे, पण टेक्श्चरला जागा एका कार्डाएवढीच मिळे. ही दुसरी अडचण त्या युगाच्या अखेरपर्यंत सुटली नाही आणि पुढे अनेकांचा खरेदीचा हिशोब तिच्यामुळेच चुकला.

थ्रीडीएफएक्सला हे वैभव फार काळ टिकवता आलं नाही. इंटेलने ग्राफिक्ससाठी एजीपी हा वेगळा, वेगवान स्लॉट आणला होता आणि बहुतेक मदरबोर्डांवर तो एकच असे. दोन कार्डं बसवायला जागाच नसल्यामुळे कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन-दोन चिप बसवल्या. एटीआयने १९९९ च्या अखेरीस 'रेज फ्युरी मॅक्स' काढलं. त्यात ओळींची वाटणी नव्हती, फ्रेमची म्हणजे सबंध चित्रांची होती. पहिली पूर्ण फ्रेम एका चिपने काढायची, पुढची दुसरीने. ही पद्धत नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं नाट्य तिच्यातूनच घडलं. ते कार्ड विंडोज २००० वर दोन्ही चिप चालवू शकलं नाही आणि विस्मरणात गेलं. थ्रीडीएफएक्सने २००० साली दोन चिपचं व्हूडू-फाइव्ह विकलं. चार चिपचं व्हूडू-फाइव्ह ६००० तयार होत होतं. त्याची भूक एवढी होती की त्याच्यासाठी भिंतीच्या प्लगात लावायचा वेगळा वीजपुरवठा योजला होता. ते बाजारात येण्याआधीच, डिसेंबर २००० मध्ये, थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने जाहीर केला. एसएलआय ही तीन अक्षरंही त्या सौद्याबरोबर एनव्हिडियाकडे आली.

ती अक्षरं जवळजवळ चार वर्षं पडून राहिली. २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस हा नवा स्लॉट आला आणि एका मदरबोर्डावर दोन ग्राफिक्स कार्डं बसवणं पुन्हा शक्य झालं. त्याच वर्षी जूनमध्ये एनव्हिडियाने जीफोर्स ६८०० साठी नवं एसएलआय जाहीर केलं. अक्षरं तीच ठेवून विस्तार बदलला होता, 'स्केलेबल लिंक इंटरफेस'. रिबनच्या जागी दोन कार्डांच्या माथ्यावर बसणारी छोटी, कडक पट्टी आली. पहिल्या काळातल्या काही मदरबोर्डांवर, उदाहरणार्थ असूसच्या ए-एट-एन एसएलआयवर, दोन स्लॉटच्या मध्ये एक चिमुकलं कार्ड खोचलेलं असे. एक कार्ड वापरायचं असेल तर ते एका बाजूने खोचायचं, दोन वापरायची असतील तर काढून, उलटं फिरवून पुन्हा बसवायचं. त्याने सोळा मार्गिकांचा स्लॉट आठ-आठमध्ये वाटला जाई. एक की दोन, हा प्रश्न असा अक्षरशः हातात धरता येत होता.

सप्टेंबर २००५ मध्ये एटीआयचं तसंच दोन कार्डं जोडणारं 'क्रॉसफायर' दुकानात आलं आणि त्याची जोडणी आणखी अवघड होती. दोन्ही कार्डं सारखी घेऊन भागत नसे, त्यांतलं एक खास 'मास्टर' कार्ड लागे. दोघांना जोडणारी जाड केबल कॅबिनेटच्या बाहेर, मागच्या बाजूला लटके. पहिल्या पिढीत ती जोडी १६०० बाय १२०० च्या पुढे नीट जाऊ शकत नव्हती, म्हणजे ज्यांच्याकडे त्याहून मोठा मॉनिटर होता आणि ज्यांना दोन कार्डांची खरी गरज होती, नेमके तेच अडत. वर्षभरात एटीआयने मास्टर कार्डाची कटकट काढून टाकली. एनव्हिडियाच्या बाजूला वेगळाच अडसर होता. त्यांचं एसएलआय बराच काळ त्यांच्याच चिपसेटच्या मदरबोर्डावर चाले. इंटेलच्या बोर्डवर दोन स्लॉट असूनही ड्रायव्हर परवानगी देत नसे. २००८ मध्ये इंटेलच्या एक्स-५८ बोर्डसाठी एनव्हिडियाने परवाना द्यायला सुरुवात केली तेव्हा ती भिंत पडली. तोवर दुसरं कार्ड घ्यायचं की नाही हे ठरवताना मदरबोर्ड कुणाचा, हेही पाहावं लागे. ग्राहकाच्या दृष्टीने हा शुद्ध अन्याय होता असंच मी म्हणेन.

या नव्या युगात ओळींची जुनी वाटणी परत आली नाही. तोपर्यंत गेम असे झाले होते की एका ठिपक्याचा रंग ठरवायला आजूबाजूच्या ठिपक्यांची माहिती लागे, आधी काढलेली सावली किंवा प्रतिबिंब लागे. चित्राचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करूनही पाहिलं गेलं. पण वर आकाश आणि खाली लढाई असली की एकाला आराम आणि दुसऱ्याला घाम, असं होई. उरली ती रेज फ्युरी मॅक्सची पद्धत: एक फ्रेम याची, एक फ्रेम त्याची. तिच्यात त्रिकोणांचं कामही विभागलं जाई आणि मोजणीत आकडे जवळजवळ दुप्पट होत. प्रत्येक नव्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल लिहावं लागे. ते आलं नाही तोवर दुसरं कार्ड नुसतं बसून राही. दोन कार्डं असणाऱ्यांना नव्या गेमच्या पहिल्या आठवड्यात नव्या ड्रायव्हरची वाट पाहायची सवय लागली होती.

तरीही ती वर्षं उत्साहाची होती. नोव्हेंबर २००७ मध्ये 'क्रायसिस' आला आणि त्याने बाजारातल्या कुठल्याही एका कार्डाला सर्व सेटिंग वर ठेवून दम घेऊ दिला नाही. २००८ मध्ये तर एक मोठं की दोन लहान हा वाद चिपच्या कारखान्यापर्यंत पोचला. सिलिकॉनच्या चकतीवर चिप जितकी मोठी कापावी तितकी तिच्यात एखादा दोष निघण्याची शक्यता वाढते आणि वाया जाणारा माल वाढतो. एनव्हिडियाने तरीही मोठी चिप केली. जीटीएक्स २८० ची चिप ५७६ चौरस मिलिमीटरची होती आणि किंमत ६४९ डॉलर. एटीआयला तोपर्यंत एएमडीने विकत घेतलं होतं. त्यांनी २५६ चौरस मिलिमीटरची चिप केली, तिचं रेडिऑन एचडी ४८७० हे कार्ड २९९ डॉलरला विकलं आणि सर्वात वरच्या ग्राहकासाठी दोन चिप एका कार्डावर बसवून ४८७० एक्स-टू काढलं. काही आठवड्यांत एनव्हिडियाला २८० ची किंमत ४९९ वर आणावी लागली. दोन लहान मिळून एका मोठ्याला हरवू शकतात हे त्या उन्हाळ्यात बाजाराने पाहिलं. पुढची चार-पाच वर्षं दोन्ही कंपन्यांचं सर्वात महाग कार्ड हे दोन चिपचंच असे: २०११ मध्ये जीटीएक्स ५९० आणि एचडी ६९९०, २०१२ मध्ये ९९९ डॉलरचं जीटीएक्स ६९०.

आकडे चढत होते, तक्रारीही चढत होत्या. दोन कार्डांवर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा गेम डोळ्यांना मात्र ३५-४० फ्रेमसारखा अडखळत वाटतो, असं वापरणारे सांगत. मोजमापात ते दिसत नसे, म्हणून पुष्कळांना तो मनाचा खेळ वाटे. कारण साधं होतं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक. पण दोन कार्डं आळीपाळीने काम करताना त्यांची पावलं नेमकी जुळत नाहीत. पहिल्याची फ्रेम आली की पाठोपाठ ५ मिलिसेकंदांत दुसऱ्याची, मग २८ मिलिसेकंद काहीच नाही, मग पुन्हा दोन लगोलग. तासाला सहा बस असा फलक लावलेल्या स्टॉपवर दोन-दोन बस एकापाठोपाठ याव्यात आणि मग वीस मिनिटं रस्ता रिकामा राहावा, तसं. फलक खोटा नसतो आणि प्रवासी ताटकळतोच. याला 'मायक्रोस्टटर' म्हणू लागले.

आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे कमी लक्ष गेलं. दुसऱ्या कार्डामुळे फ्रेमची संख्या वाढे, पण प्रत्येक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ तेवढाच राही, कारण ती एकटं एकच कार्ड काढत असे. माऊस हलवल्यापासून पडद्यावर बंदूक वळेपर्यंतचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नसे. १९९८ ची रिबन एकेक फ्रेम लवकर पूर्ण करत होती. २००४ नंतरची पट्टी जास्त फ्रेम आणत होती. जाहिरातीत दोन्हीला एकच नाव होतं, हाताला येणारा अनुभव मात्र निराळा.

मायक्रोस्टटर सिद्ध करण्याचं श्रेय परीक्षकांना जातं. सप्टेंबर २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसनने एक लेख लिहिला. सेकंदाला किती फ्रेम, ही मोजणीच अपुरी आहे, कारण एक सेकंद हा डोळ्याच्या हिशोबाने फार मोठा काळ आहे, असं त्याचं म्हणणं. त्याने प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ वेगळा नोंदवला, आलेख काढले आणि शंभरातल्या नव्याण्णव फ्रेम किती मिलिसेकंदांच्या आत येतात हा निकष वापरायला सुरुवात केली. दोन कार्डांच्या आलेखांची रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होताना दिसली. जे खेळणारे इतकी वर्षं सांगत होते ते कागदावर आलं. ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणात याहून महत्त्वाचा लेख मला दुसरा माहीत नाही.

२०१३ मध्ये त्याच्याही पुढचं पाऊल पडलं. 'पीसी पर्स्पेक्टिव्ह'च्या रायन श्राऊटने एनव्हिडियाने तयार केलेली एफसीएटी ही पद्धत वापरली. प्रत्येक फ्रेमच्या डाव्या कडेला वेगळ्या रंगाची एक पट्टी उमटवायची, मॉनिटरकडे जाणारं चित्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर जसंच्या तसं टिपायचं आणि मग कुठला रंग किती ओळी दिसला ते मोजायचं. आता प्रत्यक्ष पडद्यावर काय पोचलं तेच हाती येत होतं. एएमडीच्या दोन एचडी ७९७० कार्डांची चाचणी झाली तेव्हा कित्येक गेममध्ये प्रत्येक दुसरी फ्रेम फक्त काही ओळींपुरती दिसून लगेच तिसरीखाली झाकली जात होती. अशा तुकड्यांना 'रंट' हे नाव पडलं. मोजणीत ती पूर्ण फ्रेम धरली जाई, डोळ्याला ती दिसतच नसे. दुसऱ्या कार्डाचा जवळजवळ सगळा पैसा त्या काही ओळींत जात होता. मोजण्याचं साधन प्रतिस्पर्ध्याने बनवलेलं असल्यामुळे संशय घेतला गेला, पण टिपलेलं चित्र सगळ्यांसमोर होतं. एएमडीने दोष मान्य केला. ऑगस्ट २०१३ मध्ये आलेल्या ड्रायव्हरने फार लवकर तयार झालेली फ्रेम थोपवून, दोन फ्रेममधलं अंतर सारखं करायला सुरुवात केली. एनव्हिडियाने तशी सोय आधीपासून ठेवली होती, आणि म्हणूनच हे साधन त्यांनी जगापुढे आणलं हेही तितकंच खरं.

त्यानंतर हा प्रश्न सामान्य ग्राहकापुढे सर्वात टोकदार झाला तो २०१५ मध्ये. आदल्या सप्टेंबरात जीटीएक्स ९७० हे ३२९ डॉलरचं कार्ड आलं होतं आणि ते अफाट खपलं. दोन घेतली तर ६५८ डॉलर. जून २०१५ मध्ये जीटीएक्स ९८० टीआय आलं, ६४९ डॉलरला. पैसे तेच, मग एक की दोन? नुसत्या फ्रेम मोजल्या तर ज्या गेमचं प्रोफाइल चांगलं असे तिथे ९७० ची जोडी पुढे जाई. आता बाकीचा हिशोब बघा. दोन ९७० मिळून २९० वॅट, ९८० टीआय २५० वॅट. दोन ९७० च्या खोक्यांवर ४ आणि ४ जीबी छापलेलं, पण व्हूडू-टूच्या काळापासूनचा नियम कायम होता: सगळं सामान दोघांकडे वेगवेगळं, म्हणून उपयोगी मेमरी चारच. त्यातही जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं होतं की ९७० च्या चारपैकी शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा फार हळू चालतो. ९८० टीआयकडे सहा जीबी होते आणि ते सगळे एकाच चिपच्या ताब्यात. ज्याने तेव्हा एकच मोठं कार्ड घेतलं त्याला ते पुढे कितीतरी वर्षं पुरलं. ज्याच्याकडे एक ९७० आधीच होतं आणि ज्याला दुसरं स्वस्तात मिळालं, त्याचा निर्णयही समजण्यासारखा होता. नव्याने दोन घेणाऱ्याचा मात्र तोटाच झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेमसाठी जुळवलेल्या दोन कार्डांचं सर्वात मोठं यश खरं तर गेममध्ये मिळालंच नाही. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठात ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन यांनी फोटोतली वस्तू ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क शिकवून तयार केलं. त्यासाठी वापरली होती ३ जीबीची दोन जीटीएक्स ५८०, कुणालाही दुकानात मिळणारी. सहा कोटी पॅरामीटरचं ते नेटवर्क एका कार्डाच्या मेमरीत मावत नव्हतं, म्हणून त्यांनी ते अर्धं-अर्धं दोन्ही कार्डांवर ठेवलं आणि ठरावीक टप्प्यांवरच एकमेकांशी बोलू दिलं. बारा लाख चित्रांवर शिकायला त्याला पाच-सहा दिवस लागले. इमेजनेट स्पर्धेत त्याची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तिथून उठली. तेच दोन कार्डं जोडण्याचं काम, मग इथे का साधलं? इथे १६ मिलिसेकंदांचा तगादा नव्हता. एखादं कार्ड क्षणभर थांबलं तरी कुणाचा डोळा अडखळत नव्हता. शिवाय मेमरीही खरोखर वाटून घेता आली. गेममध्ये तसं कधीच जमलं नाही.

इकडे गेम स्वतःच बदलत गेले. २०१३-१४ नंतर चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधले ठिपके आणून नव्या फ्रेममध्ये मिसळायची पद्धत सर्रास झाली. प्रतिबिंबं, सावल्या, धूर यांच्यासाठीही मागच्या फ्रेमचं काम पुढच्यात वापरलं जाऊ लागलं. एका कार्डाला याचा फायदाच होतो, केलेलं काम वाया जात नाही. पण एक फ्रेम याची आणि एक त्याची असेल, तर माझी फ्रेम सुरू करायला मला तुझी संपलेली हवी. दोघं पुन्हा रांगेत उभे. ती फ्रेम या कार्डातून त्या कार्डात न्यायला वेळ लागतो, आणि फोर-के पडद्याची फ्रेम लहान नसते. आळीपाळीच्या वाटणीचा पायाच असा खचला.

डायरेक्ट-एक्स १२ मुळे २०१५ मध्ये थोडी आशा दिसली. दोन कार्डांत काम कसं वाटायचं ते आता ड्रायव्हरऐवजी गेम लिहिणाऱ्याला ठरवता येणार होतं. 'ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या गेमने तर एएमडी आणि एनव्हिडिया यांची दोन कार्डं एकत्र चालवून दाखवली, आणि ते पाहून मन हरखलं होतं. पण दोन कार्डं असणारे शेकड्यात मोजकेच. त्यांच्यासाठी महिनोन्महिने राबायला कुठला स्टुडिओ तयार होणार? इतकी वर्षं हा खर्च ड्रायव्हर लिहिणारे उचलत होते, म्हणून तो कुणाला दिसला नव्हता.

मग माघार भराभर झाली. २०१६ मध्ये जीटीएक्स १०८० सोबत तीन-चार कार्डांचा पाठिंबा बेंचमार्कपुरता उरला आणि जीटीएक्स १०६० वर जोडणीची जागाच ठेवली नाही. एएमडीने २०१७ मध्ये क्रॉसफायर हे नाव वापरणं सोडलं. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआयवर डेटासेंटरसाठी बनवलेली एनव्हीलिंक ही वेगवान जोडणी आली, पण ७९ डॉलरची ती पट्टी घेऊनही चालवायला गेम उरले नव्हते. २०२० मध्ये ती आरटीएक्स ३०९० वरही होती. १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी प्रोफाइल लिहिणार नाही, असं एनव्हिडियाने जाहीर केलं. २०२२ च्या ४०९० वर जोडणीचे दातेच नाहीत. आज गेमसाठी कुणी विचारलं तर उत्तर एकच: परवडेल तितकं मोठं एकच कार्ड घ्या. जुन्या बाजारात दुसरं कार्ड कितीही स्वस्त मिळो, नव्या गेममध्ये ते चालणार नाही.

विजेचा खर्च मात्र कमी झाला नाही. २०१४ चं दोन चिपचं, पाण्याने थंड ठेवावं लागणारं आर-नाइन २९५ एक्स-टू ५०० वॅट घेई आणि तेव्हा तो अतिरेक वाटला होता. २०२५ चं आरटीएक्स ५०९० एकाच चिपवर ५७५ वॅट घेतं. आणि फ्रेमचा प्रश्नही परत आला आहे. या कार्डांवर खऱ्या दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या तीन-तीन फ्रेम घालता येतात. आकडा चौपटीकडे जातो, माऊसला मिळणारा प्रतिसाद तसा वाढत नाही. त्या फ्रेम सारख्या अंतराने पडद्यावर पोचाव्यात म्हणून एनव्हिडियाने हे काम सॉफ्टवेअरकडून काढून चिपमधल्या डिस्प्लेच्या भागाकडे दिलं आहे. म्हणून ५०९० चं परीक्षण वाचताना सेकंदाला किती फ्रेम हा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून थेट फ्रेमच्या वेळेचा आलेख शोधावा. वॉसनने २०११ मध्ये काढला होता तसाच आलेख चांगले परीक्षक आजही छापतात.